व्याही, मेहुणे आणि चिंपांझी

मागच्या लगनसराईत नागपूरच्या महाल भागातल्या एका हॉलमध्ये साक्षगंधाला गेलो होतो. वडाभाताच्या पंगतीत दोघे व्याही शेजारी बसलेले. सहा महिन्यांपूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हते. काटोलचे व्याही म्हणाले, पुतण्याच्या कॉलेजसाठी नागपुरात खोली पाहतोय. दुसरे लगेच, "खोली कायले पाह्यता? घरीच राहू द्या नं जी."

चिंपांझीला हे जमत नाही. मादी वयात आली की सहसा दुसऱ्या कळपात जाते, म्हणजे बहीण तिकडे नांदत असतेच. पण जोडी टिकत नाही, पिल्लाला बाप ठाऊक नसतो, मग मेहुणा कुठून येणार? हद्दीवर गाठ पडली की दोन्हीकडचे नर एकमेकांच्या जिवावर उठतात. माणसात लेक सासरी गेली तरी लेकच राहते आणि नातवंडं दोन्ही घरांची होतात. २०११ साली शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या ३२ समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या टोळ्यांमध्ये आईबाप, भावंडं, मुलं अशी सख्खी माणसं साधारण दहा टक्क्यांहूनही कमी निघाली. उरलेल्यांत लग्नाने जोडलेले पुष्कळ.

असे व्याही मिळवायचे तर लग्न घराबाहेर व्हायला हवं. थोडं काम निसर्गच करतो: लहानपणी एकत्र वाढलेल्यांना पुढे एकमेकांविषयी सहसा ओढ वाटत नाही. इस्रायलच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतींमध्ये, एकाच पाळणाघरात वाढलेल्या मुलामुलींनी आपसात लग्नं जवळपास केलीच नाहीत. पण हा ब्रेक घरापुरता. कधी न पाहिलेल्या मुलीला बहीण मानायचं, तर नियमच लागतो.

असा एक नियम आपल्या मातीतच आहे. नागपूर वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने. गोंडांची कुळं चार, पाच, सहा, सात देवांची. देवांची संख्या सारखी असली की भाऊबंद, तिथे लग्न नाही; वेगळी असली की सोयरिक जमते. अनोळखी गावात "किती देवांचे?" एवढं विचारलं की समोरचा भाऊ की सोयरा ते कळतं. आधार कार्डापेक्षा कामाचा प्रश्न!

१९३४ मध्ये अन्विन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ८० समाज तपासून मांडलं, की लैंगिक बंधनं जितकी कडक तितकी संस्कृती प्रगत. मला हे पटत नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. शिवाय बंधन किती कडक यापेक्षा ते माणसाला कुठे ढकलतं, ते बघायला हवं.

कारण ढकलायच्या दिशा दोन. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हे नेमकं पकडलं होतं: गोत्राबाहेर लग्न करण्याच्या जुन्या रीतीवर जातीतच लग्न करण्याची सक्ती बसली आणि जात तयार झाली. शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, भारतीय जनुकशास्त्रज्ञांना बऱ्याच समूहांमधली सरमिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबल्याचं दिसलं. म्हणजे व्याह्यांचं जाळं विणलं गेलं, पण कुंपणाच्या आत. त्या हॉलच्या दाराशी वधू-वर परिचय मेळाव्याचे फॉर्म ठेवले होते. नावाखालचा पहिला रकाना पोटजातीचा, गोत्र त्याच्या खाली.