अरोरा बघायला जाताय? मग केपी नको, बीझेड बघा

मे 2024 मध्ये सूर्यावरून आलेल्या वादळामुळे लडाखमधल्या हानलेच्या आकाशात अरोराची, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाची, लाल झळाळी दिसली, तिचे फोटो सगळीकडे फिरले आणि पाठोपाठ आर्क्टिक सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या. ‘सौरचक्राचं शिखर सरतंय, शेवटची संधी!’ ही त्यातली नेहमीची ओळ. नुसती घाई करायला लावायचा प्रकार आहे हा. सूर्याची सक्रियता 11 वर्षांच्या चक्रात वाढते-ओसरते. तिचं शिखर ओसरू लागलं की सूर्यावर ‘कोरोनल होल’ नावाचे भाग बरेच महिने टिकून राहतात आणि त्यांतून वेगवान सौरवारा, म्हणजे विद्युतभारित कणांचा झोत, सुटत राहतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तोच झोत साधारण 27 दिवसांनी पुन्हा आपल्याकडे येतो. तुमच्या तारखांच्या 27 दिवस आधी काय घडलं होतं ते पाहिलं, तर थोडाफार अंदाज बांधता येतो. शिखरकाळातल्या स्फोटांना असलं वेळापत्रक नसतं. (शीर्षकातले केपी आणि बीझेड हे अंदाजाचे दोन आकडे, त्यांच्याकडे पुढे येतो.)

महिना निवडताना मात्र चुका होतात. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला गेलात, तर रात्रच मिळणार नाही. मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. दिवाळीची सुट्टी त्या मानाने फार सोयीची. लक्ष्मीपूजन अमावास्येला, त्यामुळे पुढच्या काही रात्री चंद्राचा उजेड आड येत नाही, आणि शरदातला विषुवदिनही (दिवस-रात्र समान असण्याचा) नुकताच होऊन गेलेला असतो. विषुवदिनाचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच.

‘जितकं उत्तरेला तितकं उत्तम’ हेही खरं नाही. अरोरा चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात दिसतो. ट्रॉम्सो, स्वीडनमधलं किरुना, अलास्कातलं फेअरबँक्स ही गावं त्या कड्याखाली येतात. कॅनडातलं येलोनाइफ जेमतेम 62.5 अंशांवर असूनही येतं, कारण पृथ्वीचा चुंबकीय अक्ष उत्तर अमेरिकेकडे कललेला आहे. उलट 78 अंशांवरचं स्वालबार्ड रात्री बरेचदा कड्याच्या आतल्या रिकाम्या भागात असतं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे. सूर्याचे कण येतात आणि थेट ध्रुवांवर आदळतात, असं वर्तमानपत्रांत हमखास छापून येतं. प्रत्यक्षात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बहुतेक सौरवारा बाजूला वळवतं. पण सौरवारा स्वतःबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही घेऊन येतो आणि सगळी मेख त्याच्या दिशेत असते. पृथ्वीच्या सूर्यासमोरच्या सीमेवर आपलं क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं असतं. येणारं क्षेत्रही उत्तरेकडे असेल, तर फारसं काही होत नाही. ते दक्षिणेकडे असेल, तर दोन विरुद्ध क्षेत्रं भिडतात, दोघांच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि सौरवारा त्या ओढत पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला नेतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डन्जी यांनी ही कल्पना 1961 मध्ये मांडली. रात्रीच्या बाजूला या रेषांची लांबलचक शेपटी तयार होते. तिच्यात ऊर्जा साठत जाते, शेपटी ताणली जाते आणि एका क्षणी तिच्या मध्यभागी पुन्हा तोड-जोड होते. 2008 मध्ये नासाच्या ‘थेमिस’ उपग्रहांनी ही घटना चंद्राच्या अंतराच्या सुमारे एक तृतीयांशावर पकडली, आणि त्यानंतर दोनेक मिनिटांच्या आतच खाली अरोरा उजळला. म्हणजे तुमच्या डोक्यावर नाचणारे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या पाठीमागून येतात. शेवटचा जोराचा धक्का तर त्यांना काही हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वीजवळच बसतो. मग ते ऑक्सिजनच्या अणूंना चेतवतात: 100 ते 150 किलोमीटरवर हिरवा रंग, 200 च्या वर लाल. हानलेहून फक्त लाल दिसला, कारण इतक्या दुरून त्या पडद्याचा वरचा काठच क्षितिजावर येतो.

सौरवाऱ्याबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक म्हणजे ‘बीझेड’. तो ऋण असेल तर क्षेत्र दक्षिणेकडे. विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल असा असतो की सूर्याच्या विषुववृत्ताच्या प्रतलात पसरलेल्या क्षेत्राचा जास्त मोठा हिस्सा आपल्या हिशेबाने दक्षिणेकडे पडू शकतो. रसेल आणि मॅकफेरॉन या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये दिलेलं हे स्पष्टीकरण पहिल्या वाचनात डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च एवढं लक्षात ठेवा.

मोबाइलवरची ॲप मात्र ‘केपी’ मोठ्या अक्षरांत दाखवतात. केपी हा सगळ्या पृथ्वीवरच्या चुंबकीय खळबळीचा तीन तासांचा निर्देशांक आहे. पुढच्या अर्ध्या तासात बाहेर पडावं की नाही, हे त्यावरून कळत नाही. कड्याखालच्या गावात केपी 2 असतानाही सुंदर अरोरा दिसतो. बीझेड मोजणारी याने पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवरच्या एल-1 बिंदूपाशी आहेत, आपलं आदित्य-एल1 सुद्धा तिथेच. सौरवाऱ्याला तिथून इथे यायला साधारण तास लागतो. बीझेड तासभर उणे 5 नॅनोटेस्लाच्या खाली राहिला, तर थर्मास भरून घ्या. त्याहून आधी ही दिशा खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे महिनाभर आधी ‘शंभर टक्के दर्शन’ विकणाऱ्यांना हात जोडावेत. सौरवादळाच्या बातमीनंतर ‘रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, घातक किरण येणार’ असे निरोप फिरवणाऱ्यांनाही तेच. अरोराचा प्रकाश शंभर किलोमीटर वर तयार होतो. तुमच्या उशाशी काहीही पोचत नाही.

बीझेड कितीही खाली गेला तरी ढगांपुढे इलाज नाही. ट्रॉम्सो समुद्रकाठी, अटलांटिकवरून ढग येतच राहतात. डोंगरांपलीकडे स्वीडनमधलं अबिस्को आहे. महाबळेश्वर आणि माणदेशाचं जे नातं, तेच या दोघांचं. थंडी मात्र उलट: किनाऱ्यावर उबदार सागरी प्रवाहामुळे ती सुसह्य, अबिस्कोत हिवाळ्यात उणे 20 सहज. तिथे कॅमेऱ्याची बॅटरी भराभर उतरते, जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. नॉर्वेच्याच किनाऱ्यावरच्या नार्विकहून अबिस्कोला रेल्वे जाते. मी तरी चार-पाच रात्री किनारा आणि अबिस्को अशा वाटून घेईन. नॉर्वे आणि स्वीडन दोन्ही शेंगेनमध्ये असल्याने एकच व्हिसा पुरतो, आणि त्यासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो.

अरोराचा एक झोत येऊन गेला, आकाश शांत झालं, की बसमधले लोक परत फिरतात. बीझेड अजून ऋण असेल तर थांबा. शेपटी पुन्हा भरू लागलेली असते आणि पुढचा झोत बरेचदा दोन-तीन तासांत येतो.