रिंकखालची जमीन का फुगते?

स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराचं आइस हॉकी स्टेडियम १९८४ सालचं. २०१७ मध्ये ते पाडून त्याच जागी नवं बांधायला घेतलं, तेव्हा शहराच्या संघासाठी जवळच 'माले २.०' हे तात्पुरतं स्टेडियम उभं राहिलं. तिथे दोन हंगाम खेळून संघ २०१९ च्या सप्टेंबरात नव्या वास्तूत गेला.

छप्पर आणि खुर्च्या तात्पुरत्या असल्या तर फारसं बिघडत नाही. बर्फाखालच्या जमिनीचं काय?

रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानात, तळाला उष्णतारोधक थर, त्यावर नळ्यांचं जाळं आणि नळ्यांतून शून्याखाली बरंच थंड केलेलं, पण द्रवच राहणारं ग्लायकॉलचं मिश्रण फिरतं. वर पाण्याचे पातळ थर एकेक करून गोठवत जेमतेम ३ सेंटीमीटर बर्फ तयार करतात. ६० बाय ३० मीटरच्या मैदानाला तेवढ्यासाठी सुमारे ५० टन पाणी लागतं. जमिनीतली उष्णता सतत वर ओढली जाते. उष्णतारोधक थर तिला रेंगाळवतो, पण थांबवू शकत नाही. पुरेसा काळ गेला की खालची माती गोठते आणि फुगते.

पाणी गोठताना ९ टक्के प्रसरण पावतं, म्हणून माती फुगते, हे नेहमीचं उत्तर. ते अपुरं आहे. एक मीटर खोल मातीत ४० टक्के पाणी धरलं तरी फुगवटा साडेतीन सेंटीमीटरच भरतो. प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त असू शकतो. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकसतं. तरीही माती फुगली! इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विज्ञानात क्वचित सापडतो.

मग जमीन उचलतं कोण? मातीचा कण आणि बर्फ यांच्यामध्ये शून्याखालीही द्रव पाण्याचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा टिकून राहतो. तापमान उतरलं की तो पातळ होऊ लागतो, पण कणाला तो पापुद्रा हवाच असतो. त्यामुळे तिथला दाब घटतो आणि खालच्या ओल्या मातीतून पाणी वर खेचलं जातं. तेही गोठतं, पापुद्रा पुन्हा भरतो, पुन्हा पाणी येतं. अशा रीतीने मातीत निव्वळ बर्फाच्या आडव्या चकत्या वाढत जातात. शून्याखाली प्रत्येक अंशामागे हा रेटा हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ११ पटींपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे दर चौरस मीटरला शंभराहून जास्त टन. काँक्रीटची लादी त्यापुढे टिकत नाही. जाड वाळूत ही ओढ कमी, चिकणमातीतून पाणी फार सावकाश सरकतं. सर्वांत धोक्याची ती मधली, बारीक गाळाची माती.

थंड प्रदेशांत दर वसंतात शेतात नवे दगड वर आलेले दिसतात. ते जमिनीत 'उगवतात' अशी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांची समजूत होती. त्यांना वर ढकलणारा हाच बर्फ.

कायमच्या रिंकमध्ये म्हणूनच उष्णतारोधक थराच्याही खाली कोमट नळ्या घालतात. त्यांना लागणारी उष्णता चिलरने (मैदान गार ठेवणाऱ्या यंत्राने) बर्फातून काढलेल्या उष्णतेतूनच मिळू शकते. तात्पुरत्या रिंकच्या बाजूने वेळ असतो: गोठण साधारण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खाली उतरते, दुप्पट खोलीला चौपट काळ. उन्हाळ्यात बर्फ काढला तर माती पुन्हा ऊबही धरते. मात्र नव्या स्टेडियमचं काम वर्षानुवर्षं रखडलं, तर हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.