ताब्याच्या अर्जामागचा धर्म

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्याचा अर्ज ‘डी पिटिशन’ म्हणून ओळखला जातो. असा अर्ज वाचायला घेतला की आधी शाळा, फी, घर केवढं, आजी सांभाळायला आहे का, हे सगळं येतं. आई-बाप वेगवेगळ्या धर्मांचे असले, किंवा लग्नानंतर एकाने वेगळी वाट धरली असली, तर धर्म येतो पुढच्या पानांवर, तोही आडून. न विचारता मुंज लावली. रविवारी प्रार्थनेला नेलं. सुंतेची तारीख ठरवली. गणपतीत मुलीला आरतीला उभं राहू दिलं नाही. एकमेकांच्या घरी जेवायला जाताना न खटकलेल्या गोष्टी वेगळं झाल्यावर अर्जात मुद्दे म्हणून उतरतात. न्यायाधीश मात्र त्यावर शक्यतो बोलत नाहीत; वार, तास आणि सुट्ट्या वाटून देतात. पूर्वीची न्यायालयं इतकी मुखदुर्बळ नव्हती.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. मुलगा जेमतेम बारा वर्षांचा. वडील तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने पोर त्यांच्या हवाली केलं. खरा तंटा त्यानंतरचा. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावं या बाजूने उभे राहिले आणि त्यावरून ब्रह्मवृंदात फूट पडली. मूल कुणाचं ते कोर्टाने सांगितलं, मूल कोण हे जातीने सांगायचं होतं. त्या मुलाला काय वाटत होतं याला दोन्हीकडे वजन नव्हतं.

१८७१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, नियमच घालून दिला: हिंदुस्थानात मुलाचा धर्म सर्वसाधारणपणे बापाचा मानायचा. त्या प्रकरणातले ख्रिस्ती वडील वारलेले होते. आईने मुसलमान होऊन दुसरा संसार मांडला, म्हणून मुलगी तिच्याकडून काढून घेतली गेली. बाप मेला तरी त्याचा धर्म पालक म्हणून मागे उरला. १८९० चा पालक व पाल्य कायदा याच वातावरणात आला. त्याच्या कलम १७ मध्ये मुलाचं हित ठरवताना वय, लिंग आणि धर्म पाहावा असं लिहिलंय. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे: समज आलेली असेल तर मुलाची पसंतीही विचारात घेता येईल. शिवाजीनगरला आजही हाच कायदा चालतो.

त्याच १८९० मध्ये ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं, विधवा व मुलींसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. पुढे मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात अशी ओरड झाली, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली घरी नेल्या. इथे कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही. पालकाचा शब्द पुरेसा होता.

बापाच्या या हक्काला पहिला मोठा धक्का बसला तो अ‍ॅनी बेझंट यांच्या खटल्यात. पुण्याला त्या होमरूलमुळे ठाऊक. पण १८७८ मध्ये इंग्लंडातल्या कोर्टाने त्यांची मुलगी मेबल त्यांच्याकडून काढून घेतली होती, आई नास्तिक आहे आणि संततिनियमनाचं पुस्तक छापते म्हणून. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच बाई मद्रासला प्रतिवादी झाल्या. जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचा भाऊ यांना वडिलांनी १९१० मध्ये लेखी करार करून बेझंटबाईंकडे सोपवलं होतं आणि आता वडिलांना मुलं परत हवी होती. मद्रासचा निकाल बापाच्या बाजूने लागला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. बापाला आपण दिलेली परवानगी मागे घेता येते हे मान्य केलं, पण मुलांचं हित आणि त्यांची इच्छा न पाहता त्यांना परत धाडता येणार नाही, असंही सांगितलं.

स्वातंत्र्यानंतर चित्र साफ होईल असं वाटलं होतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने कलम १३ मध्ये मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं, पण कलम ६ मध्ये हिंदू न राहिलेल्या आई-बापाचं नैसर्गिक पालकत्व काढून घेतलं. संन्यास घेणाऱ्याचंही. म्हणजे बाप ख्रिस्ती किंवा मुसलमान झाला तर कागदावर तो नैसर्गिक पालक उरत नाही. बौद्ध झाला तर उरतो, कारण या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीख हिंदूंतच मोजले आहेत. कायदा ऑगस्टमध्ये झाला आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा. ज्यांनी ‘आम्ही हिंदू नाही’ म्हणून दीक्षा घेतली, त्यांचं पालकत्व हिंदू कायद्यानेच राखलं. हा विरोधाभास फारसा कुणी उगाळत नाही, पण तो आहे.

पुढचं भराभर सांगता येईल. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलं ही आई-बापांची चीजवस्तू नाहीत की खेळणी नाहीत, असं म्हटलं. १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालयांचा कायदा आला, त्यातून विवाह समुपदेशक आले. १९९९ मध्ये, १९५६ च्या कायद्यातल्या ‘बापानंतर आई’ याचा अर्थ ‘बाप मेल्यावरच’ असा नव्हे, हे गीता हरिहरन यांच्या प्रकरणात ठरलं. २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली.

मग मुलाचा धर्म ठरवतं कोण? विशेष विवाह कायदा त्यावर गप्प आहे. हिंदू कायदा म्हणतो, एक पालक हिंदू असेल आणि मूल त्याच्या कुटुंबात, समाजात वाढवलं गेलं असेल, तर ते हिंदू. सगळी ग्यानबाची मेख त्या ‘वाढवलं’ शब्दात आहे. ज्याच्याकडे दिवस जास्त, त्याच्या घरचे सण जास्त. म्हणून दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी करताना वाद होत नाही इतका नाताळच्या चार दिवसांवर किंवा ईदच्या एका दुपारवर होतो. गणपतीच्या तोंडावर तर भेटीचा वेगळा अंतरिम अर्ज टाकला जातो, आणि न्यायाधीश दोन तासांचा हिशेब करतात.

शाळेच्या जनरल रजिस्टरला मात्र असा हिशेब जमत नाही. प्रवेशाच्या दिवशी जो पालक रांगेत होता, त्याने सांगितलं ते ‘धर्म व जात’ या रकान्यात गेलं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरणार. दुसऱ्याला कळतं ते दहावीच्या फॉर्मच्या वेळी. तोवर मूल पंधरा वर्षांचं झालेलं असतं आणि कलम १७ प्रमाणे त्याला चेंबरमध्ये बोलावून विचारता येतं. तिथे वकील नसतात, आई-बाप बाहेरच्या बाकावर असतात.