फुटबॉलमधील स्मरण-पॉपी

ब्रिटनमधील व्यावसायिक फुटबॉलपटू दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या आगेमागे होणाऱ्या सामन्यांत जर्सीच्या छातीवर एका लाल फुलाचे चिन्ह लावून उतरतात. हे चिन्ह म्हणजे स्मरण-पॉपी. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धातल्या तोफा थांबल्या, त्या दिवसाची ही आठवण. मुळात मात्र पॉपी ही देणगीची पोच आहे. माजी सैनिकांसाठी फिरणाऱ्या डब्यात माणूस पैसे टाकतो आणि कागदी फूल कोटाला टोचून घेतो. डब्याजवळचे फूल जर्सीवर चढल्यापासून त्यावरून वाद झाले, दंड झाले, खेळाडूंना जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या.

फूल आणि डबा

पॉपी म्हटले की आपल्याला खसखस आणि अफू आठवते. हे फूल त्याच कुळातले, पण अफू न देणारे, युरोपातल्या गव्हाच्या शेतांत तणासारखे माजणारे. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि माती उलथली की रुजून वर येते. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधली जमीन तोफगोळ्यांनी उखणून काढली होती, कबरी तर रोजच खणल्या जात होत्या. तिथे ही फुले ताटव्यांनी उगवली. जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टराने त्यांच्यावर लिहिलेली कविता डिसेंबर १९१५ मध्ये लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात छापून आली आणि हे फूल मेलेल्या सैनिकांची खूण बनले. अमेरिकेतल्या मोइना मायकल यांनी १९१८ मध्ये ते आठवण म्हणून अंगावर लावायला सुरुवात केली. फ्रान्सच्या ॲना गेराँ यांनी कापडी फुले विकून युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी पैसे उभे केले, आणि १९२१ मध्ये हीच कल्पना घेऊन त्या लंडनला आल्या.

ब्रिटिश लीजन (आजची रॉयल ब्रिटिश लीजन) ही माजी सैनिकांची संघटना त्याच वर्षी मे महिन्यात स्थापन झाली होती. नोव्हेंबर १९२१ मध्ये तिने मागवलेली ९० लाख फुले हातोहात संपली आणि १,०६,००० पौंड जमले. पुढच्याच वर्षी मेजर जॉर्ज हाउसन यांनी जायबंदी सैनिकांसाठी पॉपीचा कारखाना काढला. फुलाची घडण अशी बेतली होती की हात गमावलेल्या माणसालाही ते जुळवता यावे: दोन लाल पाकळ्या, एक हिरवे पान, मधोमध काळे बटण. स्कॉटलंडचे फूल चार पाकळ्यांचे आणि बिनपानाचे, कारण तिथला कारखाना वेगळा. तो १९२६ मध्ये एडिंबरोत लेडी हेग यांच्या पुढाकाराने निघाला. बटणावर १९९४ पर्यंत ‘हेग फंड’ अशी अक्षरे असत. फील्ड मार्शल डग्लस हेग युद्धात ब्रिटिश फौजांचे सेनापती होते आणि युद्धानंतर ते लीजनचे अध्यक्ष झाले.

या फुलाला ठरलेली किंमत नाही. स्टेशनच्या दारात किंवा दुकानाच्या गल्ल्याजवळ ट्रे घेऊन उभा असलेला स्वयंसेवक आकडा सांगत नाही. जमेल तेवढे टाका आणि फूल घ्या. एवढ्या साध्या पद्धतीने अलीकडच्या काळात दरवर्षी चार-पाच कोटी पौंडांच्या घरात निधी उभा राहतो. त्यातून माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांची औषधपाणी, घर, अडीअडचण अशी कामे चालतात.

फुटबॉलचा युद्धाशी संबंध

फुटबॉलने हे फूल उसने घेतले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१४ मध्ये लंडनच्या फुलम टाउन हॉलमध्ये सभा घेऊन फुटबॉलपटूंची स्वतंत्र पलटण उभी केली गेली, ती मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी. टॉटनहॅम आणि नॉर्दॅम्प्टन या संघांतून खेळलेला वॉल्टर टल याच पलटणीत भरती झाला. ब्रिटिश पायदळातल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी तो एक. २५ मार्च १९१८ रोजी तो फ्रान्समध्ये पडला आणि त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. त्याचे नाव अरासच्या स्मारकावर आहे. एडिंबरोच्या हार्ट्स संघाचे खेळाडू नोव्हेंबर १९१४ मध्ये एकगठ्ठा सैन्यात गेले, तेव्हा संघ लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. त्यांच्यातले सात जण युद्धात गेले. १९२२ मध्ये उभारलेले त्यांचे स्मारक एडिंबरोच्या हेमार्केट भागात आहे आणि दर नोव्हेंबरात क्लबची माणसे तिथे पुष्पचक्र वाहतात. या आठवणीला कुणी दिखावा म्हणू शकत नाही.

कोटावरून जर्सीवर

जर्सीवर पॉपी छापण्याची किंवा भरतकामाने काढण्याची चाल मात्र जुनी नाही. ती एकविसाव्या शतकात, मुख्यतः २००९-१० च्या सुमारास सर्वत्र पसरली. तोपर्यंत सामन्याआधीची शांतता आणि पुष्पचक्र पुरेसे मानले जाई. आज प्रसंग साधारण असा असतो: दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती उभे राहतात, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही सैनिकी निरोपाची धून वाजते, पंचाची शिट्टी होते आणि हजारो माणसांचे मैदान मिनिटभर गप्प बसते. दुसऱ्या शिट्टीनंतर जो आवाज उठतो तो ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो. सामना संपल्यावर घातलेल्या जर्सींचा लिलाव होतो आणि पैसे लीजनकडे जातात. लिलावाचा भाग खऱ्या अर्थाने उपकारक आहे, यात शंका नाही.

अडचण अशी की ही जर्सी खेळाडूने निवडलेली नसते. क्लबचा कपडेपट सांभाळणारा माणूस ती खुंटीला अडकवून ठेवतो आणि फूल तिच्यावर आधीच असते. रस्त्यावरचा माणूस फूल लावतो तेव्हा त्याने काहीतरी केलेले असते, मग ते नाणे टाकणे का असेना. इथे करायला उरते ते फक्त नाकारणे, तेही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर.

फिफाशी वाद

खेळाच्या नियमांत पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक संदेशाला मनाई आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या वेंबली मैदानावर इंग्लंड-स्पेन सामना होता. इंग्लंडला जर्सीवर पॉपी हवी होती आणि फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेने आधी नकार दिला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि इंग्लिश फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष प्रिन्स विल्यम यांनी पत्रे लिहिल्यावर तोडगा निघाला: पॉपी जर्सीवर नको, दंडावरच्या काळ्या पट्टीवर चालेल. इंग्लंडने तो सामना १-० असा जिंकला.

पाच वर्षांनी ११ नोव्हेंबरलाच इंग्लंड आणि स्कॉटलंड वेंबलीवर समोरासमोर आले. या वेळी फिफाने पट्टीवरच्या पॉपीलाही मनाई केली होती, तरी दोन्ही संघांनी ती लावली. डिसेंबर २०१६ मध्ये फिफाने इंग्लंडला ४५,००० स्विस फ्रँक, स्कॉटलंड आणि वेल्सला प्रत्येकी २०,००० आणि उत्तर आयर्लंडला १५,००० फ्रँक दंड केला. त्याच सुमारास आयर्लंड प्रजासत्ताकालाही दंड झाला, कारण त्यांच्या जर्सीवर १९१६ च्या ईस्टर उठावाच्या शताब्दीचे चिन्ह होते. उठाव कुणाविरुद्ध होता? ब्रिटिश सत्तेविरुद्ध. एकाची निव्वळ आठवण शेजाऱ्याला राजकारण कशी दिसते, हे या दोन दंडांइतके स्पष्ट कशानेच कळत नाही. २०१७ मध्ये नियमाचा अर्थ सैल करण्यात आला: प्रतिस्पर्धी संघ आणि स्पर्धेचे आयोजक यांची आधी संमती असेल तर महत्त्वाच्या घटनेचे स्मरणचिन्ह लावता येते. त्या नोव्हेंबरात इंग्लंड आणि जर्मनी वेंबलीवर खेळले तेव्हा दोन्ही संघांच्या काळ्या दंडपट्ट्यांवर पॉपी होती.

न लावणारे

फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन हा उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या क्रेगन वस्तीतला. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी गेले, चौदावा पुढे काही महिन्यांनी. हाच तो ‘रक्तरंजित रविवार’. २०१२ मध्ये संडरलंडकडून खेळताना मॅक्लीनने पॉपीची जर्सी घातली नाही, आणि तेव्हापासून संघ बदलला तरी दर नोव्हेंबरात त्याच्या वाट्याला शिव्या आल्या. २०१४ मध्ये विगन क्लबकडे असताना त्याने क्लबचे अध्यक्ष डेव्ह व्हेलन यांना जाहीर पत्र लिहिले. त्याचा आशय असा: दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांविषयी मला पूर्ण आदर आहे; पॉपी फक्त त्यांच्यासाठी असती तर मी ती केव्हाही लावली असती; पण ती १९४५ नंतरच्या सगळ्या संघर्षांतील सैनिकांसाठीही आहे आणि माझ्या गावात तिचा अर्थ वेगळा होतो. हे पत्र वाचल्यावर त्याला उद्धट म्हणणे कठीण जाते. २०१० मध्ये ब्रिटनच्या संसदेत त्या गोळीबाराबद्दल देशाच्या वतीने माफी मागणारे पंतप्रधान आणि पुढच्या वर्षी पॉपीसाठी फिफाला पत्र लिहिणारे पंतप्रधान एकच होते, हेही इथे नोंदवायला हवे.

नेमान्या मातिच याची गोष्ट वेगळ्या देशाची, पण तशीच. मँचेस्टर युनायटेडच्या या सर्बियन खेळाडूने २०१८ मध्ये पॉपी लावली नाही. १९९९ मध्ये नाटोची विमाने सर्बियावर बॉम्ब टाकत होती तेव्हा तो व्रेलो या गावात राहणारा, भेदरलेला लहान मुलगा होता. पॉपीने मला ते दिवस आठवतात, कुणाचा अपमान करण्याचा हेतू नाही, असे त्याने सांगितले.

ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या काही प्रेक्षकांनी नोव्हेंबर २०१० मध्ये पॉपीविरोधी फलक झळकावले आणि क्लबने त्यांचा निषेध केला. आयरिश स्थलांतरितांनी उभारलेल्या क्लबमध्येही या प्रश्नावर एकमत नाही.

दान, देणगी, वर्गणी

देण्यासाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत आणि ते इथे उपयोगी पडतात. गुप्तदान घेणाऱ्यालाही कळत नाही. देणगीची पावती मिळते. वर्गणी मात्र अशी की, देणाऱ्यापेक्षा न देणाऱ्याचीच चर्चा जास्त होते. गणपतीच्या वर्गणीला दारात आलेल्या मुलांसमोर नाही म्हणणारे घर गल्लीच्या लक्षात राहते. रस्त्यावरची पॉपी ही देणगी आहे. नोव्हेंबरच्या मैदानावर तिची वर्गणी होते. फूल दिसले नाही की माणसाने दिले नाही असे धरले जाते, आणि दिले नाही म्हणजे तो सैनिकांचा द्वेष करतो असे. गुपचूप पैसे टाकून फूल न लावणारा, किंवा दुसऱ्याच कामाला वर्षभर देणारा, या हिशेबात कुठेच बसत नाही. ब्रिटिश वृत्तनिवेदक जॉन स्नो यांनी २००६ मध्येच या सक्तीला ‘पॉपी फॅसिझम’ म्हटले होते.

निधी गोळा करणारी लीजन स्वतः या सक्तीच्या बाजूची नाही. पॉपी लावणे ही ज्याची त्याची निवड आहे आणि ती अनिवार्य झाली तर तिचा अर्थच हरवेल, अशी तिची जाहीर भूमिका आहे. जिच्या डब्यात पैसे पडतात तिनेच हे म्हणावे, ही फार मोठी गोष्ट आहे. शिव्या देणाऱ्या प्रेक्षकांनी हे ऐकायला हवे होते.

भारताशी धागा

पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातून तेरा लाखांहून अधिक माणसे गेली आणि सुमारे ७४,००० परतली नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), कूत शहराच्या वेढ्यात होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात त्या युद्धात गेलेल्या ४६ जणांची आठवण आजही सांगतात. या योगदानासाठी २०१८ मध्ये लीजनने खादीची पॉपी काढली.

आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत ११ नोव्हेंबरला पॉपी विकली जाई. स्वातंत्र्यानंतर तिची जागा सशस्त्र सेना ध्वजदिनाने घेतली. १९४९ पासून तो ७ डिसेंबरला पाळतात. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा छोटा झेंडा तिन्ही दलांसाठी असतो आणि शाळा-कार्यालयांतून तो खिशाला टाचणीने लावतात. महाराष्ट्रात निधी जमवण्याचे काम जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडून होते. प्रत्येक जिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिलेले असते, आणि ते शंभर टक्क्यांपुढे नेणाऱ्यांचा पुढच्या वर्षीच्या निधी संकलन शुभारंभात सत्कार होतो.