कलानुसरण (शेअर बाजार)

भाव ज्या दिशेने सरकतो आहे त्या बाजूला राहायचे आणि दिशा पालटल्याचे भावातच दिसेपर्यंत घेतलेला सौदा सोडायचा नाही, या पद्धतीला कलानुसरण म्हणतात. तिचा पाया अमेरिकन अर्थपत्रकार चार्ल्स डाऊ यांच्या लेखांवरून पुढे मांडल्या गेलेल्या डाऊ सिद्धांतात आहे: कल उलटल्याची स्पष्ट खूण मिळेपर्यंत तो चालूच आहे असे धरावे. ही पद्धत पाळणे सर्वांत अवघड जाते ते बेकारी आणि दिवाळखोरीच्या मथळ्यांमध्ये निर्देशांक (निवडक शेअरच्या भावांवरून काढलेला बाजाराचा आकडा) चढू लागतो तेव्हा.

भाव आणि आर्थिक आकडे एकाच वेळेबद्दल बोलत नाहीत. तिमाही उत्पादनाचा आकडा तिमाही संपल्यावर काही आठवड्यांनी येतो आणि पुढे दुरुस्तही होतो. बेकारी त्याहून मागे असते, कारण मागणी परतली तरी मालक आधी असलेल्या माणसांकडून जादा काम करून घेतो आणि नवी भरती नंतर करतो. भावात मात्र पुढच्या काही महिन्यांच्या नफ्याचा अंदाज आजच मिसळलेला असतो. म्हणून बातमी चांगली होण्याची वाट बाजार पाहत नाही, ती आधीपेक्षा कमी वाईट झाली तरी त्याला पुरते. त्यातच घाबरून विकणाऱ्यांची विक्री उरकलेली असते आणि व्याजदर खाली आलेले असतात.

अमेरिकेतील सुमारे पाचशे बड्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचा ९ मार्च २००९ चा बंद भाव ६७६ होता. तोच तळ ठरला. तिथली बेकारी १० टक्क्यांच्या शिखरावर पोहोचली ऑक्टोबर २००९ मध्ये, आणि मंदी जून २००९ मध्येच संपल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले २० सप्टेंबर २०१० रोजी. त्या घोषणेसाठी थांबलेल्याने दीड वर्षाची तेजी बाहेरून पाहिली. ८ मे २०२० चा दिवस तर बारकाईने पाहण्यासारखा आहे. एप्रिलमध्ये २ कोटी ५ लाख नोकऱ्या गेल्याचा आणि बेकारी १४.७ टक्के झाल्याचा आकडा त्या सकाळी आला. निर्देशांक दिवसअखेर १.७ टक्के वर बंद झाला. इतक्या वाईट बातमीवर भाव पडत नसेल, तर ती बातमी भावात आधीच मुरलेली आहे. ही या विषयातली सर्वांत मोलाची खूण, पण एवढ्यावर खरेदी करू नये.

खरेदीसाठी नियम लागतो. सर्वाधिक वापरातला नियम २०० दिवसांच्या चल सरासरीचा: मागच्या २०० व्यवहार दिवसांच्या बंद भावांची बेरीज भागिले २००, रोज नवा दिवस आत आणि सर्वांत जुना बाहेर. बंद भाव सरासरीच्या वर गेला की कल चढता, खाली आला की उतरता. दिवसातले वरखाली धरू नये, फक्त बंद भाव पाहावा. सोबत प्रत्येक घसरणीचा तळ आधीच्या तळापेक्षा वर आहे का, आणि बाजारातले निम्म्याहून अधिक शेअर आपापल्या सरासरीच्या वर आहेत का, हे तपासावे. मूठभर मोठ्या कंपन्यांनी ओढलेली चढण टिकेलच असे नाही. भावांचा तक्ता बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणे) यांसाठी समायोजित केलेला हवा, नाहीतर भाव निम्मा झाल्यासारखा दिसतो आणि विक्रीचा खोटा इशारा मिळतो.

हा नियम तळ पकडून देत नाही. सरासरीचे केंद्र सुमारे शंभर व्यवहार दिवस मागे असल्याने ती उशिराच वळते. २००९ मध्ये निर्देशांक तिच्यावर बंद झाला जूनच्या सुरुवातीला, ९४० च्या आसपास, म्हणजे तळापासून ३९ टक्के चढल्यावर. एवढा भाग सोडण्याच्या बदल्यात फसव्या उसळ्यांपासून संरक्षण मिळते. २० नोव्हेंबर २००८ ते ६ जानेवारी २००९ या काळात निर्देशांक ७५२ वरून ९३४ वर गेला, जवळपास २४ टक्के, आणि दोनच महिन्यांत ६७६ वर आला. त्या उसळीत सरासरी खूप उंचावर होती. नियम पाळणारा आत शिरलाच नाही.

नियम चुकतो तो आडव्या बाजारात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी हाच निर्देशांक सरासरीच्या जेमतेम वर बंद झाला आणि आठवड्याभरात पुन्हा खाली गेला. अशा हेलकाव्यात खरेदी वर आणि विक्री खाली होते, शिवाय दलाली दोनदा जाते. उपाय म्हणजे पट्टा ठेवणे: सरासरीच्या २ टक्के वर बंद झाल्यावर खरेदी, २ टक्के खाली बंद झाल्यावर विक्री. त्याने हेलकावे कमी होतात, संपत नाहीत. दोनतीन छोटे तोटे लागोपाठ झाले म्हणून पुढचा इशारा टाळणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण या पद्धतीचा बहुतेक नफा थोड्याच मोठ्या चालींतून येतो.

किती शेअर घ्यायचे हे स्टॉप लॉस, म्हणजे भाव तिथवर पडला तर विकायचे असा आधीच ठरवलेला भाव, ठरवतो. भांडवल १० लाख आणि एका सौद्यात जोखीम १ टक्का धरली, तर चुकल्यास तोटा १०,००० चा. खरेदी ५०० ला आणि स्टॉप लॉस ४६० ला असेल, तर प्रत्येक शेअरमागे ४० ची जोखीम, म्हणून २५० शेअर घ्यावेत. गुंतवणूक १ लाख २५ हजार होते. भाव चढेल तसा स्टॉप लॉस नव्या तळाखाली वर सरकवावा, खाली कधीच नाही. पडत्या भावात आपल्या खरेदीची सरासरी किंमत कमी करण्यासाठी आणखी खरेदी करणे या पद्धतीच्या थेट विरुद्ध आहे.

स्टॉप लॉसलाही मर्यादा आहे. रात्रीतून मोठी बातमी आली आणि शेअर सकाळी थेट ४२० ला उघडला, तर ४६० ला विक्री होत नाही. १०,००० चा तोटा २०,००० वर जातो. एकाच उद्योगातले चार शेअर हाती असतील, तर हे चारही ठिकाणी एकाच सकाळी घडू शकते. म्हणून अशा चार सौद्यांची जोखीम वेगवेगळी न मोजता एकत्र मोजतात आणि त्यानुसार प्रत्येकातले शेअर कमी करतात.