घरचे बाळंतपण (मराठवाडा)

दवाखान्याबाहेर, राहत्या जागी झालेल्या प्रसूतीला घरचे बाळंतपण म्हणतात. दोन-तीन पिढ्यांपूर्वी मराठवाड्यातल्या खेड्यांत हीच रीत होती: बंद खोली, बाज, शेगडी आणि गावची सुईण. आता ती अपवाद झाली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ साली सुमारे ६५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१५-१६ मध्ये ९० टक्के, तर २०१९-२१ मध्ये जवळपास ९५ टक्के झाली. जननी सुरक्षा योजना (२००५), मोफत प्रसूती-सिझेरियन व ने-आण देणारा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११), १०८ ची रुग्णवाहिका (२०१४) आणि गावोगावच्या आशाताई (गावातल्याच आरोग्यसेविका) यांचा त्यात मोठा वाटा आहे.

उरलेली बाळंतपणे मात्र सगळीकडे सारखी विखुरलेली नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या डोंगरातले पाडे, रस्त्यापासून आत असलेले तांडे, पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर गाडी रुतणारी शिवारे इथे घरीच मोकळे होण्याची वेळ जास्त येते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळा सुरू झाल्यापासून दोन-तीन तासांतही बाळ बाहेर येऊ शकते. तेवढ्यात गाडी पोचत नाही. घरी लेकरांना सांभाळायला कोणी नसणे, 'सिझर करतील' ही धास्ती आणि आधीच्या खेपेला दवाखान्यात खाल्लेली बोलणी हीही खरी कारणे आहेत. नेदरलँड्समध्ये प्रशिक्षित सुईणीच्या देखरेखीखाली ठरवून घरी बाळंत होतात. इथे बहुतेक वेळा दवाखाना गाठता न आल्याने होतात.

बीड जिल्ह्यातल्या घरच्या बाळंतपणांचा आकडा वाचताना ऊसतोड विसरू नये. दिवाळीच्या सुमारास कोयते (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी) परमुलखात निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम) फिटायची असल्याने दिवस भरत आलेली बाईही मोळ्या उचलते आणि फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत (झोपडीत) बाळंत होते. जन्माची नोंद जन्म झाला तिथे करायची असते; म्हणून ते बाळंतपण बीडच्या नोंदवहीत येतच नाही.

घरी सर्वांत मोठा धोका रक्तस्रावाचा. बाळ झाल्यावर अर्धा लिटरपेक्षा जास्त रक्त गेले किंवा अर्ध्या तासात वार (नाळेला जोडलेला गर्भाशयातला भाग) पडली नाही, तर वाट पाहू नये, नाळ ओढू नये, तडक हलवावे. दवाखान्यात बाळ झाल्यावर मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत टोचतात. तेच इंजेक्शन बाळ पोटात असताना 'कळा वाढाव्यात' म्हणून घरी टोचणे घातक आहे: गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरते. गाडी पोचलीच नाही तर साबणाने धुतलेले हात, स्वच्छ अंथरूण, कोरे ब्लेड, नाळ बांधायला स्वच्छ दोरा आणि कापलेल्या नाळेला काहीही न लावणे, एवढे तरी पाळावे. राख, शेण, हळद यांतून धनुर्वात व जंतुसंसर्ग होतो. बाळ लगेच पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, तासाभरात पाजावे. पहिली आंघोळ लांबवावी, नाहीतर बाळ गार पडते.

आशाताईला त्याच दिवशी कळवावे. घरी जन्मलेल्या बाळासाठी तिच्या सात भेटी ठरलेल्या असतात, पहिली पहिल्याच दिवशी. काविळीची (हिपॅटायटिस-बी) पहिली लस २४ तासांत द्यायची असते, आणि जन्माची नोंद २१ दिवसांत घरच्या कर्त्या माणसाने करायची असते.