एचआयव्हीपुढे अँटिबॉडी हतबल नसतात
‘एचआयव्हीविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतच नाही, म्हणून लस होणे नाही’, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे साफ चूक आहे. अहो, नेहमीची एचआयव्ही चाचणी त्या अँटिबॉडीच तर शोधते! अडचण वेगळीच आहे. विषाणूच्या काट्यांवर साखरेच्या रेणूंचे दाट पांघरूण असते, शिवाय तो सतत रूप पालटतो. पण सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशीला चिकटण्याची जागा त्याला फारशी बदलता येत नाही. काही बाधितांच्या शरीरात, बहुधा काही वर्षांनी, नेमकी तीच जागा अडवणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. २०१० मध्ये जाहीर झालेली व्हीआरसी०१ त्यातलीच. म्हणून आता लसीने आधी योग्य बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, जाग्या करायच्या, मग टप्प्याटप्प्याने त्यांना घडवायचे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत पहिला टप्पा साधला. पुढचे सगळे टप्पे अजून पूर्ण झालेले नाहीत.